कोकणातल्या पावसाळी गटारांचं मॉडेल: सॉफ्टवेअरचे कोणते डिफॉल्ट बदलायचे आणि का

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावासाठी तुम्ही एसडब्ल्यूएमएम या पावसाच्या पाण्याच्या हिशेबाच्या अमेरिकी सॉफ्टवेअरमध्ये पावसाळी गटारांचं मॉडेल करताय. गावाचा वरचा भाग सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावर, मधे डोंगरउतार आणि खाली खाडीला लागून बाजारपेठ. तुम्ही लिटर-मीटरची एककं निवडली आणि बाकीचे आकडे सॉफ्टवेअरने भरून दिले तसेच, म्हणजे डिफॉल्ट, ठेवले, कारण वरिष्ठांचं म्हणणं, "डिफॉल्टवर तपासणारा हरकत घेत नाही." मॉडेल विनातक्रार चाललं आणि कुठेही पाणी तुंबलं नाही. बाजारातले दुकानदार मात्र सांगतात की जुलैत उधाणाला गुडघाभर पाणी चढतं. आता तुम्हाला कोकणासाठी योग्य डिफॉल्ट मूल्यांची यादी हवी आहे.

सगळ्या कोकणाला चालेल अशी एक यादी मी देऊ शकत नाही. मालवणच्या पुळणीवरची (वाळूच्या किनाऱ्यावरची) वस्ती, चिपळूणसारखं नदीच्या पुरात सापडणारं शहर आणि तुमचं सडा-खाडीचं गाव या तिघांचे आकडे वेगळेच असणार. पण कोणत्या जागी डिफॉल्ट चालतं, कुठे ते एकदाच बदलून ठेवायचं आणि कुठे ते मुळीच राहू द्यायचं नाही, हे ठरवता येतं. माझं काम बरीच वर्षं याच किनाऱ्यावरच्या गावांत चाललं आहे, त्यातून बसलेली पद्धत सांगते. आकडे ५.१ आवृत्तीचे आहेत. तुमच्याकडे पुढची आवृत्ती असेल तर प्रोजेक्ट मेनूतल्या डिफॉल्ट्सच्या खिडकीत एकदा ताडून पाहा.

आधी बाजार कोरडा का राहिला ते पाहू. माझा पहिला संशय दोन जागांवर आहे आणि त्या दोन्ही एकत्र दुरुस्त कराव्या लागतात. नवीन आउटफॉल, म्हणजे गटार जिथे बाहेर पडतं ते टोक, काढला की त्याचा प्रकार आपोआप 'फ्री' पडतो. म्हणजे गटाराच्या तोंडातून पाणी मोकळं बाहेर पडतं, समोर खाडी भरलेली असो की रिकामी. हा प्रकार डिफॉल्ट्सच्या खिडकीत बदलताच येत नाही, प्रत्येक आउटफॉलवर जाऊन हाताने बदलावा लागतो. दुसरी जागा राउटिंगची, म्हणजे गटारांतून पाणी कसं पुढे जातं ते मोजण्याच्या पद्धतीची. ५.१ मध्ये नव्या प्रोजेक्टला कायनेमॅटिक वेव्ह मिळतं. या पद्धतीत खालच्या पाण्याचा फुगवटा वर जातच नाही, प्रत्येक तुकडा फक्त स्वतःच्या उताराने वाहतो. तुम्ही आउटफॉलला भरतीची पातळी अगदी अचूक दिलीत आणि राउटिंग कायनेमॅटिक ठेवलंत, तर ती भरती बाजारापर्यंत पोचणारच नाही. खाडीकाठी हा फुगवटा मोजणाऱ्या डायनॅमिक वेव्ह पद्धतीला पर्याय नाही.

याचा परिणाम किती मोठा असतो ते साध्या हिशेबाने बघा. समजा गटाराच्या तोंडाची तळपातळी समुद्राच्या सरासरी पातळीपेक्षा ०.४० मीटर वर आहे आणि उधाणाची भरती १.२० मीटरपर्यंत चढते. फरक ०.८० मीटर. बाजारातल्या गटाराला ५०० ला १ असा उतार असेल, तर पावसाचा थेंब नसतानाही खाडीचं पाणी गटारात ४०० मीटर आत येऊन उभं राहील. किनाऱ्यावरच्या छोट्या गावात ४०० मीटर म्हणजे बहुतेक अख्खी पेठ. त्यात वरून सड्याचं पाणी आलं की ते जाणार कुठे? दुकानदार सांगतात ते हेच.

भरतीची पातळी भरताना सगळ्यांत जास्त घोटाळा होतो तो संदर्भपातळीचा. तुमच्या सर्व्हेअरने आणलेले लेव्हल बहुधा समुद्राच्या सरासरी पातळीपासून मोजलेले असतात. भरतीच्या कोष्टकातले आकडे चार्ट डेटमपासून असतात आणि ते डेटम ओहोटीच्या पातळीच्या आसपास, म्हणजे बरंच खाली असतं. मुंबईत या दोहोंत सुमारे अडीच मीटरचा फरक आहे. २६ जुलै २००५ ला मुंबईत ४.४८ मीटरची भरती होती असं आपण वाचतो. ती सर्व्हेच्या भाषेत साधारण दोन मीटर होते. दक्षिणेकडे येताना भरती-ओहोटीतलं अंतर कमी होत जातं, त्यामुळे मुंबईचा फरक रत्नागिरीला किंवा वेंगुर्ल्याला जसाच्या तसा लावू नका. जवळच्या बंदराची माहिती घ्या, आणि जमल्यास उधाणाच्या दिवशी मोरीच्या भिंतीवर भरतीची खूण करून तिचा लेव्हल काढून आणा. अर्ध्या दिवसाच्या या कामाने पुढचे सगळे वाद मिटतात.

सॉफ्टवेअरमध्ये भरती दोन तऱ्हांनी देता येते. 'टायडल' प्रकारात दिवसाच्या तासाप्रमाणे पातळी द्यायची. तीच वक्ररेषा रोज त्याच वेळी परत येते. खरी भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. एका दिवसाच्या डिझाइन पावसासाठी 'टायडल' पुरेसं आहे, पण आठवडाभराची खरी घटना तपासायची तर 'टाइम सिरीज' द्या. पावसाचा जोर आणि भरती यांची वेळ जुळवण्याचं कुठलंच डिफॉल्ट नसतं, ते तुम्हालाच ठरवायचं आहे. मी तेच मॉडेल तीनदा चालवते: जोराचा तास भरतीच्या शिगेला, शिगेच्या दोन तास आधी, आणि ओहोटीला. तिन्हींतल्या फरकावरून कळतं की गावाला मोठं गटार हवं आहे की पाणी धरून ठेवायला जागा.

ही जागा महत्त्वाची आहे, कारण अनेक गावांत गटाराच्या किंवा वहाळाच्या तोंडाशी उघाडी (भरतीला मिटणारी झडप) असते किंवा बसवायची सूचना येते. उघाडीने खाडीचं पाणी आत येत नाही, पण ती मिटलेली असते तेवढे तास गावचं पाणीही बाहेर जात नाही. ४० हेक्टर क्षेत्रावर त्या काळात ८० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याचे आठ दशांश वाहून आले, तर २५,६०० घनमीटर पाणी उघाडीच्या आतल्या बाजूला जमेल. अर्धा मीटर खोलीने ते मावायला पाच हेक्टरांहून जास्त सखल जमीन लागते. पूर्वी ती जागा खाजणात, म्हणजे खाडीलगतच्या सखल खाऱ्या जमिनीत होती. आता खाजणावर भराव पडून तिथे बसस्थानक किंवा प्लॉटिंग झालं असेल, तर आउटफॉलच्या 'टाइड गेट'समोर नुसतं 'येस' लिहून भागणार नाही. उरलेलं खाजण, तळं, जे काही असेल ते स्टोरेज नोड (पाणी साठवणारा बिंदू) म्हणून खऱ्या क्षेत्रफळाने घाला. काहीच उरलं नसेल तर अहवालात तसं स्पष्ट लिहा.

तुमचं गाव नदीकाठी असेल तर आउटफॉलची पातळी भरतीपेक्षा नदी ठरवते. चिपळूणला वाशिष्ठी, खेडला जगबुडी, महाडला सावित्री, राजापूरला अर्जुना. २२ जुलै २०२१ ला चिपळूण आणि महाडला जे झालं ते गटारांच्या मॉडेलमधून निघणार नाही, आणि गटारं मोठी करून ते थांबणारही नाही. तिथे नदीच्या पुराची पातळी बाहेरून आणून आउटफॉलला द्यावी लागते. चिपळूणमध्ये तर वाशिष्ठीत कोयनेच्या वीजघरांचं अवजल, म्हणजे वीज तयार करून सोडलेलं पाणीही येतं, तेही धरावं लागतं.

आता एककं. इथे बहुतेक नव्या लोकांचा घात होतो. सॉफ्टवेअर मुळात अमेरिकी एककांत आहे: एकर, फूट, इंच, क्युसेक. खिडकीतून तुम्ही एलपीएस (सेकंदाला लिटर) किंवा सीएमएस (सेकंदाला घनमीटर) निवडलंत की एककांची नावं बदलतात, आकडे बदलत नाहीत. सबकॅचमेंटची (एका जागी पाणी देणाऱ्या जमिनीच्या तुकड्याची) रुंदी ५०० फूट होती ती ५०० मीटर होते. कंड्युइटची (गटाराच्या किंवा पाइपच्या तुकड्याची) लांबी ४०० फुटांची ४०० मीटर होते. खळग्यांत साठणारं पाणी ०.०५ इंच, म्हणजे सव्वा मिलिमीटर, ते ०.०५ मिलिमीटर होतं, म्हणजे जवळपास शून्य. पाणी जमिनीत जिरण्याच्या हॉर्टनच्या सूत्रातला कमाल दर ताशी ३ इंच, म्हणजे ७६ मिलिमीटर, तो ताशी ३ मिलिमीटर होतो. मॉडेल तरीही तक्रार न करता चालतं.

या चुका सगळ्या एकाच दिशेने जात नाहीत, म्हणून त्या पकडायला कठीण. जिरण्याचा दर पडल्यामुळे पाणी जास्त वाहतं, पण इम्पर्व्हियस (पाणी न जिरणारा, अपारगम्य) भाग २५ टक्केच राहिल्यामुळे पेठेतलं पाणी हळू आणि कमी येतं. रुंदी जास्त असल्याने शिगेचा प्रवाह फुगतो, आणि गटाराचा खडबडीतपणा ०.०१ धरल्यामुळे ते फुगलेलं पाणी गटारात आरामात मावतं. एक चूक दुसरीला झाकते. म्हणूनच एखाददुसरा आकडा दुरुस्त करून "उत्तर बिघडलं" म्हणून कोणी तो परत पूर्वीसारखा करतो. एकेक आकडा दुरुस्त करताना मधल्या उत्तरांवर विश्वास ठेवू नका. सगळे बसल्यावरच निकाल बघा.

रुंदी या एका आकड्याकडे मी सर्वांत जास्त वेळ देते. रुंदी म्हणजे क्षेत्रफळ भागिले पाणी जमिनीवरून वाहत येतं ती लांबी. पेठेतल्या ०.४ हेक्टरच्या तुकड्याला ५०० मीटर रुंदी राहिली तर पाणी फक्त ८ मीटर वाहून गटारात पडतं असा अर्थ होतो, आणि पाऊस पडताक्षणी पूर येतो. सड्यावरच्या ६ हेक्टरच्या तुकड्यात पाणी ४०० मीटर वाहत येत असेल तर रुंदी १५० मीटर हवी. नकाशावर पाण्याची वाट काढून लांबी मोजा आणि रुंदी तिच्यावरून काढा. सड्यावर उन्हाळ्यात गेलात तर कातळावरून पाणी कुठून उतरतं त्याचे काळे पट्टे दिसतात. पाच मीटर अंतराच्या समोच्च रेषांपेक्षा ते जास्त खरं सांगतात. चिरेखाण असेल तर तीही नकाशावर घ्या. जुनी खाण शेकडो घनमीटर पाणी धरते आणि भरली की एका कोपऱ्यातून एकदम सोडते.

इम्पर्व्हियसच्या टक्केवारीबाबत कोकणातल्या वाड्यांचा एक मुद्दा सहसा सुटतो. घर कौलारू किंवा पत्र्याचं, म्हणून छत अपारगम्य धरलं जातं, ते बरोबर. पण पागोळ्यांचं पाणी अंगणात, तिथून परड्यात, माडा-पोफळीच्या आळ्यांत जातं. थेट गटारात जात नाही. सॉफ्टवेअरचं डिफॉल्ट असं की अपारगम्य भागाचं पाणी सरळ आउटलेटला जातं. वाडीच्या तुकड्यांसाठी सबएरिया राउटिंग 'पर्व्हियस' करा आणि किती टक्के पाणी तसं जातं ते घरं बघून ठरवा. पेठेत उलट: दुकानांची छपरं रस्त्यावरच पन्हळ सोडतात, तिथे 'आउटलेट' बरोबर आहे आणि अपारगम्य भाग ८० ते ९० टक्क्यांपर्यंत जाईल. एका गावात दोन्ही प्रकार असतात, म्हणून एकच सरासरी टक्केवारी सगळ्या गावाला लावू नका.

जमिनीत जिरण्याबद्दल. जांभ्याच्या प्रदेशात जून आणि जुलै ही दोन वेगळी खाती आहेत. पहिल्या पावसात जांभा भरपूर पाणी पितो. जुलैच्या मध्यापर्यंत तो भरलेला असतो, आणि सड्याच्या पायथ्याशी, जांभा आणि खालची चिकण माती यांच्या सांध्यात झरे फुटतात. म्हणजे जिरलेलं पाणीही पुन्हा तुमच्या गटारातच येतं. मॉडेलमध्ये मात्र जिरलेलं पाणी हिशेबातून बाद होतं, जोवर तुम्ही भूजलाचा भाग वेगळा घालत नाही. मी साधा मार्ग घेते: जुलैत पाऊस थांबलेला असताना पऱ्यात (ओढ्यात) वाहणारं पाणी मोजते आणि ते त्या नोडला कायमचा प्रवाह म्हणून देते. सड्यावरचा उघडा कातळ मी डिझाइनसाठी अपारगम्यच धरते. पुळणीवर वाळू पाणी झटकन पिते हे खरं, पण उधाणाला भूजल चढून जमिनीच्या जेमतेम हातभर खाली येऊन ठेपतं, तेव्हा तिथेही मोठा दर लावताना जपून. शक्य असेल तर दुहेरी कड्यांची जिरण्याची चाचणी भर पावसाळ्यात करा. मे महिन्यात केलेल्या चाचणीचा डिझाइनला उपयोग नाही.

कर्व्ह नंबरची पद्धत (जमिनीच्या प्रकाराला एक आकडा देऊन वाहणारं पाणी काढायची) वापरत असाल तर तोच प्रश्न आधीच्या ओलाव्याचा. तक्त्यांतले नंबर मध्यम ओलाव्याचे असतात. मध्यम स्थितीत ७५ असलेला नंबर चिंब जमिनीसाठी सुमारे ८७ होतो. १०० मिलिमीटर पावसात पहिल्याने ४१ मिलिमीटर पाणी वाहतं, दुसऱ्याने ६६. दीडपटीहून जास्त फरक, आणि तो केवळ महिन्याचा.

खडबडीतपणाचा आकडा, मॅनिंगचा एन, कंड्युइटसाठी ०.०१ येतो. हा काचेसारख्या गुळगुळीत पाइपचा आकडा आहे. नव्या काँक्रीटला मी ०.०१३ ते ०.०१५ धरते. आपल्याकडचं गटार म्हणजे चिऱ्याच्या भिंती, तळाला काँक्रीटचा थर, कुठे कुठे गिलावा उडालेला, तळात लाल खडीचा गाळ, आणि मधून आडवी गेलेली नळपाणी योजनेची पाइप. त्याला ०.०२० ते ०.०२५. फरक पाहा: ०.९ मीटर रुंद आणि तेवढंच खोल, ५०० ला १ उताराचं गटार ०.०१ ने सेकंदाला १.६२ घनमीटर वाहून नेतं, ०.०२ ने फक्त ०.८१. आता ६ हेक्टर पेठेवर ताशी ८७ मिलिमीटर दराने पाऊस आणि ०.८ चा रनऑफ गुणांक (पावसातला वाहून येणारा वाटा) धरला तर १.१६ घनमीटर पाणी येतं. पहिल्या आकड्याने गटार पास होतं, दुसऱ्याने ते ओसंडतं. गटार तेच, पाऊस तोच.

मोऱ्यांच्या प्रवेशाच्या आणि निर्गमनाच्या हानीचे गुणांक डिफॉल्टने शून्य असतात, तेही भरा. उतारावरून वेगाने आलेलं पाणी रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी अडतं आणि बाहेर पडून रस्ता धरतं, हे प्रत्येक घाटउताराच्या गावात दिसतं. गाळ धरायचा तर गटाराची खोली कमी करून धरा. किती, ते मे अखेरीस सफाईच्या आधी मोजा, नंतर नव्हे.

वरचा ८७ चा आकडा कुठून आला ते सांगायला हवं, कारण पाऊस हाच सगळ्यांत मोठा इनपुट आहे आणि त्यात डिफॉल्टच्या भरवशावर राहणं सर्वांत घातक. अनेक ठिकाणी हवामान खात्याच्या दिवसाच्या पावसाखेरीज काहीच मिळत नाही. मग २४ तासांच्या पावसाला तासांच्या प्रमाणाच्या (हवे तेवढे तास भागिले २४) घनमुळाने गुणून कमी वेळेचा पाऊस काढण्याचं सूत्र वापरतात. २५० मिलिमीटरच्या दिवसातून एका तासाचे ८७ मिलिमीटर निघतात, अर्ध्या तासाचे ६९, पाव तासाचे ५५. पाव तासाचा दर ताशी २१८ मिलिमीटर होतो. हे सूत्र सगळ्या देशाला एकाच मापाने मोजतं, आणि आपला पाऊस तासन् तास लागून राहणारा, म्हणून पाव तासाचा आकडा मी जसाच्या तसा घेत नाही. जवळ स्वयंचलित पर्जन्यमापक असेल तर त्याच्या १५ मिनिटांच्या नोंदींशी ताडते, आणि मग ठरवते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या २०१० च्या शहरी पुराच्या मार्गदर्शक सूचनांत दर ४ चौरस किलोमीटरला एक स्वयंचलित पर्जन्यमापक सांगितला आहे. तुमच्या अहवालात एका मापकाची शिफारस जरूर घाला. आणखी एक बारकावा: दिवसाचा पाऊस सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी ८.३० असा मोजला जातो. रात्रभराचा पाऊस सकाळीही चालू राहिला तर तो दोन दिवसांत वाटला जातो. म्हणून एका दिवसाच्या कमाल आकड्याला साधारण १.१३ ने गुणून खरा २४ तासांचा आकडा घेण्याची रीत आहे.

रेनगेजच्या (पर्जन्यमापकाच्या) नोंदीचा प्रकार 'इंटेन्सिटी', म्हणजे ताशी दर, आणि अंतर एक तास असं डिफॉल्ट असतं. १५ मिनिटांत पडलेले २० मिलिमीटर तुम्ही तसेच भरलेत आणि प्रकार बदलला नाहीत, तर सॉफ्टवेअर ते ताशी २० समजेल. खरा दर ताशी ८० होता. दुसरी काही व्यावसायिक सॉफ्टवेअर दिवसाचा पाऊस तासातासांत वाटायला एससीएस टाइप दोन हा तयार नमुना सुचवतात. ती वाटणी अमेरिकेतल्या वादळांवरून बसवलेली आहे. आपल्या पावसाला ती लावण्याचं कारण मला दिसत नाही. स्थानिक तीव्रता-कालावधी वक्रांवरून आळीपाळीच्या ठोकळ्यांनी (सर्वांत जोराचा तुकडा मधे, बाकीचे आळीपाळीने दोन्ही बाजूंना) वाटणी करा. किती वर्षांच्या पुनरावृत्तीचा पाऊस घ्यायचा ते केंद्राच्या २०१९ च्या पावसाळी जलनिःसारण मॅन्युअलमध्ये शहराच्या आणि भागाच्या प्रकारानुसार दिलं आहे, तिथून घ्या.

"डिफॉल्टवर हरकत येत नाही" या वाक्याबद्दल मला मुंबईचं उदाहरण द्यावंसं वाटतं. शहराची जुनी गटारव्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पाऊस, त्यातला निम्माच वाहून येणार, आणि तोही ओहोटीच्या वेळी, या गृहीतकांवर उभी होती. एकेकाळी, मोकळी जमीन भरपूर असताना, ती गृहीतकं विचार करूनच घेतली होती. नंतर जमीन बांधली गेली आणि आकडे तसेच पुढे चालत राहिले. मुंबईच्या पावसाळी गटारांवरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ताशी ५० मिलिमीटर आणि पूर्ण पाऊस वाहून येईल असं धरायला सांगितलं, पण २००५ च्या जुलैपर्यंत कामं मागेच होती. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला ७४. तेवढा पाऊस कुठलीच गटारव्यवस्था झेलू शकत नाही, हे खरं. पण दर पावसाळ्यातल्या साध्या जोराच्या सरीलाही सखल भाग का बुडत होते, त्याचं एक मोठं कारण या न तपासलेल्या आकड्यांत होतं. तुमच्या वरिष्ठांना मान देऊनच हे सांगा; ते खर्चाची आणि मुदतीची काळजी करताहेत, आणि ती काळजी रास्त आहे.

आता प्रत्यक्ष करायचं काय. नवीन प्रोजेक्ट उघडल्या उघडल्या, एकही सबकॅचमेंट काढण्याआधी, डिफॉल्ट्सच्या खिडकीत जा. एकक आणि राउटिंग ठरवा. मग जे आकडे तुमच्या सगळ्या गावांना साधारण सारखे आहेत ते भरा: अपारगम्य पृष्ठाचा एन, पारगम्य पृष्ठाचा एन, खळग्यांतलं पाणी मिलिमीटरमध्ये, जिरण्याचे पावसाळी दर, काँक्रीटचा एन. खाली 'पुढच्या सर्व प्रोजेक्टसाठी जतन करा' अशी चौकट आहे, तिच्यावर खूण करा. हे आधीच करायचं कारण असं की डिफॉल्ट बदलल्यावर आधी काढलेल्या तुकड्यांचे आकडे बदलत नाहीत, फक्त नंतर काढलेल्यांना नवे मिळतात. अर्धं मॉडेल जुन्या आणि अर्धं नव्या आकड्यांवर असलेली फाइल तपासणं फार त्रासाचं असतं.

जे आकडे प्रत्येक तुकड्याचे वेगळे असायलाच हवेत, म्हणजे रुंदी, उतार, अपारगम्य टक्के, कंड्युइटची लांबी, त्यांना मी मुद्दाम ओळखू येणारं मूल्य डिफॉल्ट म्हणून देते: रुंदी १.११, अपारगम्य ७७.७, लांबी ११११. शहाणा दिसणारा २५ टक्के कुणाच्या नजरेत भरत नाही, ७७.७ लगेच दिसतो. मॉडेल पूर्ण झाल्यावर नकाशावरच्या क्वेरीने हे आकडे शोधा, किंवा मॉडेलची आयएनपी फाइल नोटपॅडमध्ये उघडा. ती साधी मजकुराची फाइल आहे, शोधा म्हटलं की सापडतं. एकही उरला नाही की मगच पुढे जा.

आणखी एक सेटिंग तपासा: 'अलाउ पाँडिंग' (पाणी वर साचू देणं) डिफॉल्टने बंद असतं. चेंबरमधून वर आलेलं पाणी मग हिशेबातून कायमचं निघून जातं, आणि खालचा भाग कोरडा दिसतो. उतारावरच्या गावात तेच पाणी रस्त्यावरून धावत पेठेत पोचतं. म्हणून उतारावर रस्ता स्वतंत्र उघडं कंड्युइट म्हणून घाला, आणि पेठेच्या सपाटीवर पाँडिंग चालू करून नोडला तुंबण्याचं क्षेत्रफळ द्या. चालवल्यावर सातत्याची त्रुटी, म्हणजे आलेल्या आणि गेलेल्या पाण्याच्या हिशेबातला फरक, पाहा. ती काही टक्क्यांवर गेली तर राउटिंगच्या हिशेबाचा टप्पा (टाइम स्टेप) कमी करा. उतारावरच्या आखूड, तीव्र तुकड्यांत ती हमखास वाढते.

शेवटी मॉडेल पडताळायला तुमच्याकडे दुकानदार आहेत, आणि त्यांची साक्ष तुम्हाला वाटते त्याहून नेमकी असते. त्यांना तारीख विचारू नका, सण विचारा. "गटारी अमावास्येला पाणी आलं होतं", "नारळी पौर्णिमेच्या आदल्या रात्री" असं ते सांगतील, म्हणजे अमावास्या किंवा पौर्णिमा, म्हणजेच उधाण. मुंबईच्या आसपास तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण मिळते, अष्टमीला सहाच्या सुमारास. दक्षिणेकडे ती थोडी आधी येते. सणावरून तारीख, तारखेवरून कोष्टकातली भरती आणि त्या दिवसाचा पाऊस, आणि दुकानाच्या शटरवरची पाण्याची रेघ, एवढं हातात आलं की त्या एका दिवसासाठी मॉडेल चालवा. शटरच्या खुणेच्या वीतभर इकडेतिकडे पाणी दिसेपर्यंत नवीन गटारांचे आकार ठरवायला घेऊ नका.

तांत्रिक मान्यतेच्या फाइलला प्रत्येक आकड्याचा एक तक्ता जोडा: सॉफ्टवेअरने दिलेलं मूल्य, आपण घेतलेलं मूल्य, आणि ते कशावरून. मोजणी, मॅन्युअल की अंदाज, हे तिसऱ्या रकान्यात खरं खरं लिहा. सोबत आयएनपी फाइल आणि आवृत्तीचा क्रमांक द्या, म्हणजे पाच वर्षांनी पेठेचा रस्ता पुन्हा उंच होईल तेव्हा पुढच्या अभियंत्याला तेच मॉडेल उघडून नव्या लेव्हलवर चालवता येईल.